सड्यावरच्या साहेबाचं आडनाव

लहानपणी मला वाटायचं, ते आडनाव म्हणजे एक पक्षी असावा. पांढरा, लांब मानेचा, वर्षातून एकदाच आमच्या सड्यावर उतरणारा. बाबा कड्याशी उभे राहून त्याला हाक मारायचे. खाली खाडीच्या तोंडाशी होड्यांवर उभे असलेले वाडीतले सगळे बाप्ये तीच हाक एका आवाजात परत वर पाठवायचे. तेवढ्यापुरतं धुकं हलल्यासारखं व्हायचं. मी नारळ पोटाशी धरून आभाळात बघत राहायचे. पक्षी कधी दिसला नाही, पण तो येऊन गेला याबद्दल मला शंका नसायची.

पुढे कळलं की ते आडनाव आहे, आणि तेही एका इंग्रजाचं. तरी पक्षी काही डोक्यातून गेला नाही.

आमची वाडी जयगडच्या खाडीच्या मुखाजवळ. घरं खाली, माडांत. वर सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. उन्हाळ्यात तव्यासारखं तापणारं आणि श्रावणात असं काही फुलणारं, की पाय कुठे ठेवावा कळत नाही. सड्याच्या टोकाला, जिथून समुद्र दोन्ही अंगांनी दिसतो, तिथे चिऱ्यांचा एक चौथरा आहे. त्याच्याखाली साहेब आहे. चौथऱ्यावर कधीकाळी अक्षरं कोरलेली होती म्हणतात. पण जांभा अक्षर धरत नाही. वाऱ्यापावसाने ती केव्हाच वाचून संपवली.

साहेबाची गोष्ट आमच्याकडे अशी सांगतात. आताचं दीपगृह नव्हतं, तेव्हा सड्याच्या टोकावर एक मोठा कंदील टांगलेला असे, होड्यांना खाडीचं तोंड सापडावं म्हणून. तो सांभाळायला हा साहेब ठेवलेला. घोड्यावरचा साहेब नव्हे. एकटाच राही, स्वतःच काच पुसे, स्वतःच भात शिजवी आणि करपवी. त्याला खालून तेल नेऊन द्यायचं काम आमच्या घराकडे होतं. एका पावसाळ्यात तो तापाने गेला. कंदील विझला. आणि त्याच पावसाळ्यात, वादळात सापडलेल्या आमच्या एका होडीला सड्यावर उजेड दिसला, त्या रोखाने ती आत आली. वर जाऊन बघतात तर कोणी नाही. खरं-खोटं मी सांगत नाही, मी तिथे नव्हते. पण तेव्हापासून साहेब खाडीचा राखणदार झाला आणि आम्ही तेलवाले त्याचे मानकरी.

कोकणात राखणदाराला वर्षाची राखण द्यावी लागते. आमच्याकडे ती नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी, होड्या पाण्यात लोटायच्या आधी. मानकऱ्याने चौथऱ्यावर नारळ फोडायचा, एक पाव आणि टोपणभर रम ठेवायची (साहेबाला आणखी काय देणार?), आणि मोठ्याने गाऱ्हाणं घालायचं. त्यात यंदाच्या सगळ्या बातम्या सांगायच्या. कुठली होडी नवी, कुठली मोडली, कोण गेलं, कोण जन्मलं. शेवटी साहेबाला आडनावाने हाक. ती खाली होड्यांपर्यंत पोचली पाहिजे, आणि खालच्यांनी तीच हाक परत दिली पाहिजे. मग साहेब उठला असं समजायचं.

एरवी वर्षभर ते आडनाव कोणी उच्चारत नाही. "नाव घेतलं की तो उठतो," आई सांगायची. "उठवलं की काम सांगाया होवं. काम नसताना उठवलंस तर काय करशील त्याला? भांडी घासाया लावशील?" चुकून कोणाच्या तोंडून निघालंच, तर ऐकणाऱ्याने कानाच्या पाळीला हात लावायचा. म्हणून इथेही मी ते लिहीत नाही. हसणाऱ्याने हसावं. मी बी.ए. आहे, इंग्रजी विषय घेऊन. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आज रत्नागिरीत हायस्कूलला शिकवते, आणि तरीही लिहीत नाही.

कॉलेजात असताना मात्र मी ते एकदा लिहिलं होतं. इंग्रजी आडनावांवर सर वर्गात बोलत होते. कोणाचं लोहारकामावरून, कोणाचं शिंपीकामावरून, कोणाचं बापाच्या नावावरून. तास संपता संपता मी एका कागदावर साहेबाचं आडनाव लिहून त्यांच्यापुढे धरलं आणि याचा अर्थ काय म्हणून विचारलं. सरांनी चष्मा वर केला.

"असं आडनाव इंग्रजीत नाही. तुमच्या गाववाल्यांनी काहीतरी मोडतोड केली असणार."

"नाही सर. आम्ही मोडत नाही. आम्ही वर्षातून एकदाच काढतो."

वर्ग हसला. सरही हसले. मी तो कागद घरी येऊन चुलीत घातला, पण राग गेला नाही. लायब्ररीत जाडजूड पुस्तकं उलटली, पुढे मोबाइल आल्यावर त्यातही शोधलं. एखाददुसऱ्या ठिकाणी ते दिसायचं, जसा गर्दीत ओळखीचा चेहरा दिसून नाहीसा व्हावा. अर्थ कुठेच नाही. मग मीच अर्थ लावायचे. झोप लागता लागता ते आडनाव मनातल्या मनात फिरवायचं आणि काय दिसतं ते बघायचं. कधी निळ्या काचेची बाटली दिसायची, कधी बर्फात उभा एक दरवाजा. मी बर्फ पाहिलेला नाही.

गेल्या हिवाळ्यात बाबांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव राहिला, आवाज गेला. बाबा तांडेल, आयुष्यभर वाऱ्यावरून ओरडून होडी चालवलेला माणूस. त्यांच्या गळ्यातून आता नुसती हवा येई, वाळूवरून लाट मागे सरताना होतो तसा आवाज. आई तेवढ्यावरून सगळं समजे आणि आम्हाला मोठ्याने सांगे. कित्येकदा बाबांनी एक शब्द काढावा आणि आईने त्याची चार वाक्यं करावीत. बाबा कपाळाला हात लावत.

पण गाऱ्हाणं काही आईच्या तोंडून घालता येणार नव्हतं. ते तेलवाल्याच्या रक्ताने घालायचं. बाबांना मुलगा नाही. मी एकटी, तीही लग्न होऊन रत्नागिरीला गेलेली. माझे काका, बाबांचे धाकटे भाऊ, वाडीत सगळ्यांची टिंगल करत फिरतात, पण सड्याचं नाव काढलं की गप्प. "मी घातलं आणि चुकलं तर? होडी माझीच जायची पयली," म्हणायचे. आषाढ संपत आला तशी वाडीत कुजबुज सुरू झाली. यंदा हाक पडली नाही तर होड्या लोटायच्या कशा? आणि यंदा नाही पडली तर पुढे कधी पडणार? अक्षरं दगडावर राहिली नव्हती. आडनाव सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते आधी काढायचं एकाच गळ्याने, आणि तो गळा बंद झाला होता.

काकांनी त्यावर उपाय काढला. गेल्या वर्षीचं गाऱ्हाणं त्यांनी मोबाइलवर घेतलं होतं.

"गणपतीचा स्पीकर हाय ना मंडळाचा? वर नेऊ. बटण दाबलं की दादा बोलतोय. पार पलीकडच्या तीरापर्यंत ऐकू जाईल!"

बाबांनी मान हलवली. काहीतरी पुटपुटले.

"ते म्हणतायत," आई म्हणाली, "गेल्या वर्षीचं गाऱ्हाणं यंदा कसं चालंल? त्यात तुमची जुनी होडी हाय, ती फुटली. त्यात पलीकडची म्हातारी जिती हाय. साहेबाला खोटं सांगणार काय?"

"मग नवीन जोडू मागाहून."

"साहेब काय खुळा हाय?" हे मात्र आईचं स्वतःचं होतं.

मी तेव्हा रविवारची आले होते. मासे साफ करत ऐकत होते. बाबांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि लगेच समुद्राकडे बघायला लागले. ते विचारणार नव्हते. आणि मीही आपणहून म्हणणार नव्हते. गाऱ्हाण्याचा शब्द न् शब्द मला येत होता, लहानपणी इतकी वर्षं नारळ धरून शेजारी उभी राहिलेली मी. पण मी शाळेत मुलांना सांगते की कशावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका, आणि मीच सड्यावर उभी राहून मेलेल्या माणसाला हाक मारणार?

श्रावणात एका होमस्टेवाल्या बाईंचा मला फोन आला. त्यांच्याकडे एक इंग्रज बाई उतरल्या होत्या, एकट्याच, वयस्क. जयगडच्या बाजूला जायचं म्हणत होत्या. "तुम्ही त्या बाजूच्या, आणि इंग्रजीच्या शिक्षिका. दोन दिवस दुभाषी म्हणून जाल का?" शाळेला सुट्टी होती. नाहीतरी पुनवेला घरी जायचंच होतं. मी हो म्हटलं.

पुनवेच्या सकाळी त्या होमस्टेच्या फाटकाशी छत्री घेऊन उभ्या होत्या. पांढरे केस, उंच, मान जरा लांबच. त्यांनी हात पुढे केला आणि आपलं नाव सांगितलं, आडनावासकट.

माझा हात कानाच्या पाळीला गेला. मी नेला नाही, तो गेला.

भर रस्त्यात, रिक्षाचा धूर, कोपऱ्यावर वडे तळणारी गाडी, आणि त्यात ते आडनाव, वर्षाच्या भलत्याच वेळी, त्या आडनावाच्या मालकिणीच्याच तोंडातून. उच्चार बाबांच्या उच्चारासारखाच, फक्त हळू, जसं एखाद्याने आपल्या घरचं भांडं नीट उचलावं. मला वाटलं मी झोपेत आहे. त्या विचारत होत्या, तुम्हाला बरं वाटत नाही का? मी म्हटलं, "तुम्ही आमच्याच घरी चालला आहात."

वाटेत गाडीत मी त्यांना सगळं सांगितलं. बाहेर भाताची खाचरं हिरवीगार, मध्येच ऊन, मध्येच सर. त्या काचेला डोकं टेकून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, आमच्या घरात त्याच्याबद्दल एवढंच सांगत, तो हिंदुस्थानात दिवा लावायला गेला आणि संपला. त्याचा भाऊ त्यांचा पणजोबा. त्यांचा स्वतःचा भाऊ दोन वर्षांपूर्वी गेला. ना त्याला मूलबाळ, ना त्यांना. त्यांच्या माहितीत ते आडनाव लावणारी आता त्या एकट्या. लग्नात सोडलं होतं, पण भाऊ गेल्यावर कचेरीत जाऊन परत लावून घेतलं. "माझ्यानंतर हे कोणी उच्चारणार नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून म्हटलं, निदान त्याला भेटून यावं."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं की यंदा आमच्याकडेही पंचाईत आहे. जीभ वळली नाही.

आईने पडवीत चटई टाकली. घावन आणि चहा. वाडीतली अर्धी माणसं अंगणाच्या कुडणाशी गोळा झाली. मी नुसतं "साहेबांच्या घरातल्या" एवढंच सांगितलं, आणि सगळे हात एकदम कानांना लागले. बाई घाबरल्या. मी समजावलं, तशा त्यांनीही हसून आपल्या कानाला हात लावला. तेव्हापासून वाडीला त्या आवडल्या.

बाबांना एकच विचारायचं होतं. ते पुटपुटले आणि या वेळी आईलाही काही जोडायची गरज वाटली नाही.

"अर्थ काय त्याचा? आडनावाचा?"

मी विचारलं. माझाच प्रश्न होता तो, कितीतरी वर्षांचा.

बाई म्हणाल्या, त्यांच्या देशाच्या उत्तरेला डोंगर आहेत, बोडके, आमच्या सड्यासारखेच, फक्त थंड. उन्हाळ्यात मेंढ्या वर न्यायच्या आणि तिथेच एक खोपटं बांधून राहायचं. वाऱ्याकडच्या उतारावरचं खोपटं, एवढाच त्या आडनावाचा अर्थ. शब्द इंग्रजीसुद्धा नाही धड. खूप पूर्वी समुद्रापलीकडून होड्या घेऊन काही लोक त्या किनाऱ्याला लागले आणि डोंगरात शिरले, त्यांच्या भाषेतला. खोपट्याचं घर झालं, घराचं शेत झालं, आणि त्या शेतावर राहणाऱ्यांना बाकीचे त्या जागेच्या नावाने ओळखायला लागले. जगात आजवर ज्यांनी कोणी ते आडनाव लावलं, ते सगळे त्या एका घरातून निघालेले.

"म्हणजे आपल्यासारखंच," मी आईला सांगितलं. "गावाला 'कर' लावायचा."

"आणि होड्यांतून आलेली माणसं!" काका उडालेच. "खलाशी रे! उगाच नाय आपल्यात बसला. आमी म्हणायचो लाटसाहेब, आणि हा निघाला धनगराच्या खोपटातला."

मी ते बाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्या खळखळून हसल्या. इतकी वर्षं मला वाटे साहेबाचं आडनाव म्हणजे काही मोठं असणार, किल्ला, तलवार, निदान एखादी नदी. आणि ते एक खोपटं निघालं, वाऱ्यात, आमच्या शेतातल्या मांगरासारखं. माझ्या आज्याला सही येत नव्हती आणि साहेबाच्या आज्यालाही बहुधा येत नसेल. मला एकदम बरं वाटलं. सर, मी मनात म्हटलं, आडनाव आहे. मोडलेलं नाही.

"ते घर हाय अजून?" आईने विचारलं.

नाही. खालच्या शहरासाठी दरीत धरण बांधलं, घर पाण्याखाली गेलं. बाई लहान असताना एका कोरड्या उन्हाळ्यात पाणी उतरलं, तेव्हा वडील त्यांना दाखवायला घेऊन गेले होते. चिखलात नुसत्या भिंतींच्या रेघा. चुलीची जागा. वडील तिथे उभे राहून आडनाव मोठ्याने म्हणाले होते, कोणाला हाक मारावी तसं. कोणी ओ दिली नाही. "मला ते विचित्र वाटलं होतं तेव्हा," त्या म्हणाल्या.

मी हे भाषांतर करून सांगितलं. बाबा चौथऱ्याच्या दिशेने बघत होते.

मग आईने ताटलीत पाव आणि रमची बाटली आणून दाखवली, उद्याची तयारी म्हणून. बाईंच्या भुवया वर गेल्या. त्यांच्या घराण्यात, त्या म्हणाल्या, दारूला कोणी हात लावत नसे. त्यांच्या पंथाची माणसं तरुणपणीच देवळात तशी शपथ घेत. त्यानेही घेतली होती. शपथ घेतल्याची फीत त्याच्या आईने जपून ठेवली होती.

मी सांगितलं, आणि आईने ताटली खाली ठेवली.

"म्हणजे," आई म्हणाली, "पिढ्यान् पिढ्या आमी त्या देवमाणसाला दारू पाजतोय?"

"तितं घेतली असंल शपथ," काका म्हणाले. "हितला पावसाळा एकट्यानं काढायचा म्हणजे कोण पाळतंय? नायतर एवढ्या वर्षांत एक तरी होडी बुडवली असती."

"विचार गो तिला, काय प्यायची त्यांची माणसं," आई मला म्हणाली.

चहा. कडक, दूध घालून.

"बघा!" आईने बाटली काकांच्या हातात कोंबली. "चहा प्यायचा माणूस, आणि त्याला बिनचहाचा ठेवलात. ही तुमी घेऊन जा, तुमीच प्या. नायतरी दर वर्षी उरलेली कोण संपवतंय ते म्हायती हाय मला."

सगळे हसत असताना बाबांनी मला जवळ बोलावलं. माझ्या कानाशी तोंड आणून, एकेक शब्द हवेतून ओढून, ते म्हणाले, "तिला सांग. यंदा हाक पडायची नाय. माझा आवाज गेला. माफी माग माझ्या वतीनं."

बाई माझ्याकडे बघत होत्या. दुभाषाचं काम सरळ असतं, एका बाजूने ऐकायचं आणि दुसऱ्या बाजूला ठेवायचं. वाक्यं इंग्रजीत तयारही झाली होती. पण मला ती चिखलातल्या भिंतींशी उभी असलेली मुलगी दिसत होती, आणि तिचे वडील.

"बाबा म्हणतात," मी इंग्रजीत म्हटलं, "उद्या सकाळी लवकर वर जायचं आहे. वाट निसरडी असते. तुम्ही काठी घ्या."

बाईंनी हात जोडले. चेहरा उजळला त्यांचा. बाबांना इंग्रजी येत नाही, पण माफी मागितल्यावर माणसाचा चेहरा असा होत नाही एवढं त्यांना कळतं. त्यांनी बाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. बराच वेळ. माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो जड होता.

काकांना मात्र राहवेना. बाई झोपायला गेल्यावर ते म्हणाले, "तू घालणार काय? घाल बापडी. पण साहेबाला सांगशील काय, कोण बोलतंय? आपलं आडनाव सांगावं लागतं सुरुवातीला. तुझं आधारकार्डावर दुसऱ्याचं आडनाव. साहेब ओळखंल कसा?"

"डिग्रीवर आपलंच आहे."

"साहेब डिग्री बघतोय काय!"

आम्ही हसलो, पण प्रश्न खराच होता. तो डोक्याशी घेऊन मी झोपले. स्वप्नात सडा पाण्याखाली होता, स्वच्छ, हिरव्या पाण्याखाली. चौथऱ्याच्या जागी एक खोपटं होतं आणि आत कंदील जळत होता. मेंढ्या की मासे, कोण जाणे, काहीतरी पांढरं दाराशी फिरत होतं.

सकाळी धुकं होतं. पलीकडे बंदरावर मोठी मालाची जहाजं उभी होती. त्यांचे दिवे धुक्यात असे विरघळलेले, की तिथे एखादं गाव तरंगत असावं. बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून चढत होते. मागे बाई काठी टेकत, त्यांच्यामागे आई, किटलीला फडकं गुंडाळून. आई जन्मात पहिल्यांदा राखणीला वर येत होती. "चहा कोण गरम ठेवणार मग?" म्हणाली. काकांनी स्पीकर आणलाच होता, डोक्यावर गोणपाट घेऊन. "असू दे गो. पोरीचा आवाज नाय पोचला तर?"

वर सगळीकडे निळीजांभळी फुलं, दंवाने वाकलेली. बाई चौथऱ्यापुढे गुडघ्यांवर बसल्या आणि दगडावर हात फिरवत राहिल्या, अक्षरं जिथे असतील नसतील तिथे. मी नारळ फोडला. पाव ठेवला. आईने रमच्या टोपणाऐवजी कपभर चहा ओतून ठेवला, वाफ निघत होती. खाली धुक्यातून होड्यांच्या नुसत्या डोलकाठ्या दिसत होत्या. माणसं दिसत नव्हती, पण आहेत हे कळत होतं. चाहूल यायची, कोणाचा खोकला, पाण्याचा चुबुकचुबुक.

मी कड्याशी जाऊन उभी राहिले. दोनदा खाकरले. शाळेत साठ मुलांच्या वर्गात आवाज चढवणारी मी. बाबा डाव्या बाजूला उभे राहिले, लहानपणी मी उभी राहायचे तिथे, आणि त्यांनी फुटक्या नारळाची भकलं हातात धरली.

"बा साहेबा," मी सुरू केलं. "दिवेवाल्या, खाडीच्या राखणदारा."

"व्हय म्हाराजा," खालून आलं. दबकत. त्यांना बाबांचा आवाज ऐकायची सवय.

"तुझ्या तेलवाल्यांची लेक बोलतंय," मी म्हटलं. आडनाव सांगितलंच नाही. ना हे, ना ते. "बापाचा गळा बसला, म्हणून लेकीनं येऊन तुला उठवलं. रागावू नको."

"व्हय म्हाराजा!" आता जोर होता.

मग मी बातम्या सांगितल्या. काकांची होडी फुटली ती, नवीन घेतली ती. पलीकडची म्हातारी गेली. दोन पोरगे झाले आणि एक पोरगी. बाबांचं ऑपरेशन. तुला चहा आवडतो हे आम्हाला माहीत नव्हतं, पोटात घाल. खालून हसू आलं, आणि "व्हय म्हाराजा". तुझ्या घरची माणूस आली आहे, तुझ्या डोंगरातली, तुझ्या खोपट्यातली, तिला बघून घे. माझ्या बाजूला बाबांचे ओठ हलत होते, प्रत्येक शब्दाला, माझ्या किंचित आधी. मी अडखळले तिथे ते थांबले आणि वाट बघत राहिले. एकदा त्यांच्या ओठांवरून मी पुढचं उचललं.

आणि शेवटी ती हाक. मी छाती भरून घेतली आणि साहेबाला आडनावाने बोलावलं. आवाज फाटला. कडा ओलांडून तो खाली धुक्यात पडला, आणि क्षणभर काहीच नाही. काकांचा हात स्पीकरच्या बटणाकडे गेलेला मी बघितला.

मग खालून ते आडनाव वर आलं. सगळ्या होड्यांवरून, म्हाताऱ्यांच्या, तरण्यांच्या गळ्यांतून, एकदम. या वर्षी खाडीच्या पलीकडच्या तीरावरून कोणीतरी परत दिलं, कोण ते दिसलं नाही. समुद्रावरून ते फिरून आलं. धुकं हललं.

बाई उठून उभ्या राहिल्या होत्या. डोक्यावरची टोपी हातात, मान वर, आभाळाकडे बघत. लहानपणी मी बघायचे अगदी तशा. गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या पुसत नव्हत्या. त्यांना पक्षी दिसला का कोण जाणे. मी विचारलं नाही.

बाबांचे ओठ आता हलत नव्हते. इतकी वर्षं हाक मारून झाल्यावर त्यांना दम लागलेला असायचा, उत्तर धड ऐकू यायचं नाही. या वेळी ते नारळाची भकलं धरून नुसते ऐकत होते, शेवटचा आवाज पाण्यात बुडेपर्यंत. मग आईकडे वळून काहीतरी म्हणाले.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"काय नाय," आई म्हणाली. "पोचला म्हणतायत."

कपातला चहा निवला होता. आईने तो चौथऱ्यावर ओतला आणि जांभ्याने एका घोटात पिऊन टाकला. खाली होड्या लोटायला सुरुवात झाली. काका गोणपाट गुंडाळत पुटपुटत होते, "उगाच आणला एवढा जड."

परतताना गाडीत बाई बराच वेळ डोळे मिटून होत्या. मला वाटलं झोपल्या. रत्नागिरी जवळ आल्यावर म्हणाल्या, "एकदा पुन्हा म्हणशील? फक्त माझ्यासाठी. मला तुझ्या तोंडचा उच्चार लक्षात ठेवायचा आहे."

मी त्यांच्याकडे बघितलं आणि कानाच्या पाळीला हात लावला. त्यांना पटकन कळलं नाही. मग कळलं. त्यांनीही आपल्या कानाला हात लावला आणि काचेबाहेर बघत हसत राहिल्या. बाहेर ऊन पडलं होतं.